सर किती दिवस राहणार?

गडचिरोली जिल्ह्यात बाहेरगावचा माणूस नोकरीवर आला, की त्याचं आडनाव, गाव, शिक्षण हे सगळं नंतर. टपरीवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती दिवस रायनार जी, सर?" विचारणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून हा जिल्हा वेगळा झाला आणि इथली नेमणूक म्हणजे शिक्षा, हा समज त्याच्यासोबतच वाढत गेला. सरकारने एकस्तर वेतनश्रेणी दिली, वर प्रोत्साहन भत्ता दिला. तरी रुजू झालेला माणूस पहिल्या पगाराआधी बदलीची वाट शोधायला लागतो. डॉक्टर येतो, जातो. ग्रामसेवक येतो, जातो. मास्तर जूनमध्ये येतो आणि दिवाळीला गेला की कधी कधी परततच नाही. म्हणून आमच्याकडची माणसं नव्या माणसाचं सामान आधी बघतात. नुसती बॅग आहे, की गॅस-शेगडीही आणली आहे?

यंदा आमच्या भागातल्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला दोन नवे कोच मिळाले. एक सर, अमरावतीला शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले. आणि एक मॅडम, याच तालुक्यातल्या, याच कॉलेजच्या मुलींच्या संघातून खेळलेल्या. सरांनी शेगडी आणली आहे. ही बातमी दोन दिवसांत घोटपासून मुलचेऱ्यापर्यंत पोचली आणि तेवढ्या भांडवलावर लोकांनी या वर्षीचे सगळे सामने मनात जिंकूनही टाकले. गेल्या काही वर्षांत आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या-दुसऱ्या फेरीच्या पुढे गेलेला नाही. तरी टपरीवर यंदा सेमीफायनलच्या खाली कुणी बोलत नाही.

मलाही तसंच वाटतं. ही आशा मी आमच्या घरातच वाढताना पाहिली आहे, आणि ती कुठून आली हे मला थोरामोठ्यांनी सांगितलेल्या गोष्टींमधून कळलं आहे.

माझे बाबा वनखात्यात वनरक्षक होते. आलापल्ली, घोट या भागातल्या सागवानावर त्यांनी आयुष्य काढलं. ते नोकरीला लागले त्या सुमारास चामोर्शीच्या पुढे जंगलतोड सुरू झाली होती. 1964 मध्ये पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या, हिंदू कुटुंबांचे लोंढे भारतात आले. रायपूरजवळच्या माना कॅम्पात ठेवलेल्यांपैकी काहींना पुढच्या वर्षांत तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत, जंगल काढून जमिनी दिल्या गेल्या. बाबा सांगतात, तोडीच्या झाडांवर हातोड्याचा शिक्का मारताना त्यांना एकाच वेळी दोन्ही गोष्टींचं वाईट वाटे. झाडाचंही, आणि त्या झाडाखाली ताडपत्री टाकून बसलेल्या बाईचंही. शेजारच्या गोंड गावांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांची गुरं चरत होती ते रान एका उन्हाळ्यात संपलं. बाबा ही गोष्ट कधी गाळत नाहीत. फुटबॉलची गोष्ट सांगायची तर आधी हे सांगायला हवं, असं ते म्हणतात, आणि मला ते पटतं.

नवीन वस्तीतली पोरं जुन्या धोतराच्या चिंध्या दोरीने आवळून चेंडू करत आणि सपाट जागा शोधत फिरत. जंगल तोडलेल्या जमिनीत बुंधे होते. सपाट जागा एकच होती, शेजारच्या गोंड गावचं आखर. सकाळी गुराखी तिथे गुरं गोळा करी आणि संध्याकाळी परत आणून सोडी. बंगाली पोरं तिथे उतरली आणि पहिल्याच दिवशी भांडण झालं. यांना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना यांची. दगड उचलले गेले. मग गावचा पाटील, भूमिया म्हणजे गावचा पुजारी, आणि बंगाली वस्तीतले दोन वडीलधारे बसले. बाबांना दोन्हीकडचे ओळखत होते, म्हणून तेही बसले. ठरलं ते असं: गुरं जंगलात गेली की खेळ सुरू, गुरं दिसली की खेळ बंद, आणि गोंड गावाचं म्हणणं, आखर आमचं आहे, तर आमची पोरंही खेळतील. गोलपोस्टसाठी बांबू भूमियाने स्वतः निवडून दिला. आमच्याकडे बांबूला तोटा नव्हता.

त्या बैठकीतले एक वडीलधारे म्हणजे आमचे दादू. खुलना जिल्ह्यातून आलेले. आम्ही सगळी मराठी पोरंही त्यांना दादूच म्हणायचो. दादू ईस्ट बंगालचे. हा क्लब कलकत्त्यात 1920 मध्ये निघाला आणि फाळणीनंतर पलीकडून आलेल्या निर्वासितांनी तो आपला मानला. ज्यांचं गाव गेलं त्यांना लाल-पिवळ्या जर्सीत गाव दिसायचं. पण दादू आम्हाला गोष्ट सांगायचे ती मात्र प्रतिस्पर्धी मोहन बागानची. 29 जुलै 1911. आयएफए शील्डची फायनल. समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचे बूट घातलेले गोरे शिपाई, आणि इकडे बहुतेक सगळे अनवाणी बंगाली. निकाल दोन विरुद्ध एक. दादू ती गोष्ट सांगताना बागानच्या माणसासारखेच खुलायचे. "ओदेर क्लाब, किंतु आमादेर जय," असं म्हणायचे आणि मग आमच्यासाठी मराठीत सांगायचे, "क्लब त्यांचा, पन जिंकलो आपन."

अनवाणी खेळणं आमच्याकडे अभिमानाचं नव्हतं, नाइलाजाचं होतं. आखरावर धसकटं, गोवऱ्यांचे तुकडे, पावसात चिखल. तरी संघ उभा राहिला, अर्धा बंगाली आणि अर्धा गोंड. मैदानावरची भाषा तिसरीच झाली, चार शब्द गोंडी, चार बंगाली, आणि शिव्या मराठी. दुर्गापूजेच्या दिवसांत सामने होत. दादूंची एक खंत होती. ईस्ट बंगाल जिंकलं की कलकत्त्यात त्यांच्या लोकांत हिलसा शिजते. इकडे हिलसा कुठली? मग माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा', तलावातला रोहू आणायचा आणि त्यालाच विजयाचा मासा मानायचं. जुन्या मालगुजारांनी खणलेल्या त्या तलावांनी आमच्या भागाचं धान जगवलं आणि दादूंचा क्लबही.

पहिले खरे कोच आले ते सत्तरच्या दशकात, हायस्कूलचे पीटी मास्तर म्हणून. तेही अमरावतीचे. विदर्भातल्या शाळाशाळांत पीटीचे मास्तर अमरावतीहून येत याला कारण आहे. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये तिथे हनुमान आखाडा सुरू केला, त्याचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं, आणि या संस्थेने पिढ्यान् पिढ्या शारीरिक शिक्षक घडवले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक भारतीय खेळ दाखवायला जर्मनीला गेलं होतं. मास्तरांनी ती गोष्ट मुलांना इतकी सांगितली की आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याला शेवटपर्यंत वाटायचं, मास्तर स्वतःच बर्लिनला जाऊन आले.

मास्तरांनी येऊन पहिलं काम केलं ते मैदान साफ करण्याचं. दुसरं, मुलांच्या घरी जाण्याचं. जुलैत सरावाला चार पोरं आली तेव्हा ते रागावले नाहीत. बाबांना घेऊन बांधीवर गेले आणि पाहिलं, की अख्खा संघ गुडघाभर पाण्यात रोवणीला उभा आहे. मग त्यांनी वेळापत्रकच फिरवलं. रोवणीत सराव पहाटे. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात सराव नाहीच, कारण वर्षाचे रोख पैसे त्या पंधरवड्यातच येतात. कापणी-चुरणीच्या काळात फक्त रविवार. हे वेळापत्रक कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते त्यांनी बांधीच्या धुऱ्यावर बसून केलं, आणि त्या दिवसापासून गाव त्यांचं झालं.

त्यांनी त्या संघाला जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत नेलं. तेव्हा जिल्हा म्हणजे चंद्रपूर. एसटीने जाऊन एसटीने परत यायचं तर दिवस मोडायचा. मग बदलीचा हुकूम आला. गाव तालुक्याला अर्ज घेऊन गेलं. त्या अर्जावर मराठी सह्या होत्या, बंगाली सह्या होत्या, आणि बरेचसे अंगठे. बदली वर्षभर थांबली, मग झालीच. मास्तर गेले आणि संघ दोन पावसाळ्यांत विरघळला. बाबांना आजही ते दुखतं. "पोट्टे तेच होते, मैदान तेच होतं," ते म्हणतात. "मंग गेलं का?"

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला एका तेलुगू माणसाने दिलं. बल्लारपूरच्या पेपर मिलमधून निवृत्त होऊन ते मुलाकडे आमच्या गावात राहायला आले होते. मूळचे सिकंदराबादचे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांच्या लेखी फुटबॉलमध्ये एकच देव, सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेब हैदराबादचे शाळामास्तर. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांनी बांधला आणि त्या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. 1950 पासून भारताचा संघही त्यांच्याकडे आला. 1951 मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक असा मार. आपले बहुतेक खेळाडू तिथेही अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मामा हा पराभव सांगताना थांबतात, कारण त्यांच्या मते रहीमसाहेबांची सगळी थोरवी त्यानंतर सुरू होते. हरलेल्या कोचला काढलं नाही. त्यांना वेळ मिळाला. त्यांनी हैदराबादेत पोरांसाठी वेगळ्याच स्पर्धा भरवल्या. एका स्पर्धेत चेंडू घेऊन पळायचंच नाही, लगेच पास द्यायचा. एका स्पर्धेत फक्त कमजोर पायाने मारायचं. चार वर्षांनी, 1956 मध्ये मेलबर्नला, भारत ऑलिंपिकच्या सेमीफायनलमध्ये होता. त्या वाटेवर यजमान ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन असं हरवलं, आणि मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने त्या सामन्यात हॅटट्रिक केली.

आणि मग जाकार्ता, 1962. हे सांगताना मामा उभे राहतात. रहीमसाहेबांना कर्करोग झालेला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून हार. बचावातला जर्नेलसिंग, डोक्याला टाके पडलेला. रहीमसाहेबांनी त्याला सेमीफायनलला आणि फायनलला पुढे, फॉरवर्डला उभं केलं. फायनलला समोर पुन्हा दक्षिण कोरिया आणि लाखभर प्रेक्षक विरोधात ओरडणारे. भारत दोन विरुद्ध एक जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलचा. पुढच्या जूनमध्ये रहीमसाहेब गेले. आशियाई स्पर्धेचं फुटबॉलचं सुवर्ण भारताला त्यानंतर कधी मिळालेलं नाही.

"तेरा साल," मामा म्हणतात. "कोच को तेरा साल दिया. तुमच्या मास्तरला किती दिले?"

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं. हरल्यावरही राहू दिलेला माणूस. आमच्या भागात हे माप लोकांच्या हाती फार पूर्वीपासून आहे. बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या माळावर कुष्ठरोग्यांना घेऊन गेले आणि तिथेच त्यांचं आनंदवन झालं. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 1973 मध्ये भामरागडजवळ हेमलकसाला गेले, जिथे पावसाळ्यात पूर आला की जगाशी संबंध तुटे. अभय आणि राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीला आले. ही माणसं गेली नाहीत. त्यामुळे आमच्याकडचा अडाणी म्हातारासुद्धा नव्या माणसाचं मोजमाप पदवीने करत नाही. तो किती पावसाळे काढतो, हे बघतो. फुटबॉलच्या कोचला हे माप लावणं काहींना जास्त वाटेल. मला वाटत नाही. मुलांच्या आयुष्यातली चार वर्षं ज्याच्या हाती द्यायची, त्याला दुसरं कुठलं माप लावणार?

आमचं कॉलेज सुरू झालं ते मास्तर गेल्यानंतर, आणि त्याचा संघ जायचा तो नागपूरला. नागपूर विद्यापीठ 1923 चं, त्याचा पसारा मोठा. आमच्या मुलांना पहिल्या सामन्यासाठीही रात्रीची गाडी धरावी लागे. पूर्ण जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन एकच, वडसा. सकाळी उतरायचं, दहाला मैदानात, बाराला हरून मोकळे. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं, चंद्रपूर आणि गडचिरोलीची कॉलेजं त्यात आली, आणि निदान हरायला तरी इतकं लांब जावं लागेना. विद्यापीठाच्या संघात आमच्या मुलांना जागा मिळू लागली. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाऊन आलेला मुलगा गावात आला की त्याचा ट्रॅकसूट आठवडाभर उतरत नसे.

नागपूरच्या त्या दिवसांतलं एक नाव आमच्याकडे आदराने घेतलं जातं, हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे. पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली फुटबॉलसारखी खेळताना त्यांनी पाहिली आणि 2001 मध्ये त्यांच्यासाठी स्पर्धा सुरू केली. त्यावरचा 'झुंड' 2022 मध्ये आला तेव्हा आमच्या गावातून गाडी करून लोक चंद्रपूरला गेले. सिनेमातल्या गोंड मुलीचा बाप तिच्या पासपोर्टासाठी ओळखीचा कागद मिळवायला दारोदार फिरतो, तिथे आमच्या रांगेतल्या बायका रडल्या. तो कागद आमच्याकडे सगळ्यांनी शोधलेला आहे.

नव्या कोचवर बांधलेली आशा कशी कोसळते, तेही आमच्या थोरांनी पाहिलं आहे. दादू हयात होते तेव्हाची, 1997 ची गोष्ट. मोहन बागानला अमल दत्त नावाचे कोच आले. बुद्धिमान, हट्टी माणूस. त्यांनी डायमंड पद्धत आणली आणि बागान गोलांमागून गोल करत सुटलं. फेडरेशन कपच्या सेमीफायनलला समोर ईस्ट बंगाल, आणि ईस्ट बंगालचे कोच कोण, तर जाकार्ताच्या फायनलमध्ये गोल करणारे तेच पी. के. बॅनर्जी. 13 जुलैला सॉल्ट लेक मैदानात सव्वा लाखांवर माणसं जमली. ईस्ट बंगालने चार विरुद्ध एक जिंकलं. भायचुंग भुतियाची हॅटट्रिक. दादूंना दुसऱ्या दिवशी चामोर्शीच्या एसटीडी बूथवरून कळलं आणि त्या रात्री वस्तीत रोहू शिजला. पण जेवताना ते म्हणाले ते माझ्या लक्षात राहिलं. अमल दत्तांना लोक आता मूर्ख म्हणतील, ते बरोबर नाही. नवीन काही करून बघणारा माणूस एका दुपारवरून तोलायचा नसतो. शत्रूच्या कोचबद्दल हे बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि मामांना त्यात वेगळंच दिसतं. पी. के. रहीमसाहेबांच्या हाताखाली खेळले आणि मग स्वतः शिकवू लागले. म्हणजे रहीमसाहेब 1963 मध्ये गेले तरी 1997 मध्ये मैदानाच्या कडेला उभे होते.

इथून आमच्या घरातला वाद सुरू होतो. बाबांचं म्हणणं, कोच राहिला पाहिजे. मामांचं म्हणणं, कोचने मागे कोच ठेवला पाहिजे. वादाला दाखला म्हणून कधी क्रिकेटही येतं. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी खेळतोय आणि साठ वर्षं त्याच्याकडे कुणी मान वळवून पाहिलं नाही. 2017 मध्ये चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले. कडक माणूस. फैज फजल कप्तान. ईडन गार्डन्सवर कर्नाटकाला पाच धावांनी हरवून फायनल गाठली, इंदूरला रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली, आणि 1 जानेवारी 2018 ला विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता झाला. पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राविरुद्ध पुन्हा. मग पंडित मध्य प्रदेशाकडे गेले आणि 2022 मध्ये त्यांनाही रणजी जिंकून दिली. "पाहा, गेले," बाबा म्हणतात. "मग 2025 मध्ये केरळला मागे टाकून विदर्भ पुन्हा जिंकला तेव्हा कोच कोण होता?" मामा विचारतात. उस्मान गनी, विदर्भाचेच जुने खेळाडू.

मी स्वतः मामांच्या बाजूची आहे, आणि म्हणूनच यंदाची माझी आशा बाबांच्या आशेहून थोडी वेगळी आहे. सरांना टपरीवर तो प्रश्न विचारला गेलाच. त्यांनी खरं ते सांगितलं. नेमणूक कंत्राटी आहे, अकरा महिन्यांची. पुढचं त्यांच्या हातात नाही. टपरी गप्प झाली. मग कुणीतरी मॅडमनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कुठं जाईन जी? माझी रोवनी इथंच हाय."

मॅडम आश्रमशाळेत शिकल्या. त्या खेळायला लागल्या तेव्हा मुलींचा संघ म्हणजे कबड्डीतून पळवलेल्या सात आणि व्हॉलीबॉलमधून आणलेल्या चार. आता सरावाला येणाऱ्या मुलींत गोंडी बोलणाऱ्या आहेत, बंगाली बोलणाऱ्या आहेत, सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या दोघी आहेत, आणि मॅडम तिन्ही भाषांत ओरडू शकतात. सरांना हे पहिल्या आठवड्यातच कळलं. मुलांचा बचाव ते उभा करतात, पण कुणाला कुठे खेळवायचं यावर त्यांचे कान मॅडमकडे असतात. आणखी एक चांगलं काम त्यांनी हाती घेतलं आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्सचा कोर्स मॅडमने करावा म्हणून ते त्यांची तयारी करून घेत आहेत. संध्याकाळी सराव संपला की शाळेच्या व्हरांड्यात फळ्यावर रेघा मारत दोघं बसतात, आणि अर्धा संघ घरी न जाता ऐकत उभा राहतो. अकरा महिने हातात असलेल्या माणसाने याहून शहाणपणाचं काय करावं?

वेळापत्रकही मॅडमनेच केलं. रोवणीत पहाटे, तेंदूपत्त्यात सुट्टी, चुरणीत रविवार. बाबांनी ते नोटीस बोर्डावर वाचलं आणि त्यांना पीटी मास्तरांची आठवण झाली. मॅडमनी मास्तरांचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी ते स्वतःच्या घरच्या कामावरून केलं होतं.

गावही बसून नाही. बुटांसाठी वर्गणी निघाली आहे. बंगाली वस्तीतल्या पूजा मंडळाने जर्सींचा एक संच कबूल केला आहे. रंग लाल-पिवळाच असणार, त्यावर चर्चा नको, अशी अट घालून. गोंड गावच्या पाटलांनी आखराच्या उतारावर पाणी काढायला नाली खणू दिली. सरांच्या जेवणाचं तीन घरांनी वाटून घेतलं आहे, शेगडी असली तरी. कंत्राट वाढवून मिळावं म्हणून अर्ज लिहून तयार आहे. या खेपेला अंगठे कमी आहेत, सह्या जास्त. अर्जात बाबांनी एक ओळ आपल्या हाताने घातली: संघ हरला तरी सरांना ठेवावे.

सामने पावसाळा सरल्यावर आहेत. त्याआधी आज पाच वाजता जुने खेळाडू विरुद्ध यंदाचा संघ असा सराव सामना आहे. लेफ्ट बॅकला कोण खेळणार हे सरांनी अजून जाहीर केलेलं नाही. बाबांच्या मते उंच पोरगा हवा, मामांच्या मते डाव्या पायाचा, आणि मॅडमनी म्हणे मुलींच्या संघातल्या एकीला तिथे उभं करून बघायचं ठरवलं आहे. साडेचारलाच दोघं म्हातारे काठ्या घेऊन निघाले, रस्त्यात वाद घालत. मीही चपला घातल्या आहेत.